‘आधी स्वतःचा ॲक्सेंट सुधार’

पत्र

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावची. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता एमए इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पांबरोबर क्रिकेट बघता बघता मला कॉमेंट्रीचा नाद लागला. स्कोअरपेक्षा बोलण्याकडेच लक्ष जायचं. बॉयकॉट ‘रबिश’ला ‘रुबिश’ का म्हणतो, न्यूझीलंडच्या इयन स्मिथचा ‘सिक्स’ मला ‘सक्स’ का ऐकू येतो, असं सगळं वहीत लिहून ठेवायचे. अजूनही ठेवते. प्रबंधासाठी हाच विषय घ्यावा असं मनात आहे: इंग्रजीचे प्रांताप्रांतांतले आणि समाजाच्या वेगवेगळ्या थरांतले ॲक्सेंट. वर्गात बोलून दाखवलं तर हशा पिकला. एक जण म्हणाला, ‘आधी स्वतःचा ॲक्सेंट तर सुधार.’ आमचे सर चांगले आहेत, पण तेही म्हणाले, ‘एखादी कादंबरी घे, लवकर सुटशील.’ काका विचारतात, यानं पोट भरणार का. मला तीनच गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्यासारखीनं हा विषय घ्यावा का? इंग्लंडला न जाता सुरुवात कुठून करू? आणि पुढे काय? पुढच्या सोमवारी सरांना विषय सांगायचा आहे.

— एक ऐकणारी, सांगली जिल्हा

उत्तर

प्रिय ऐकणारी,

विषय घे. सोमवारी सरांपुढे काय मांडायचं तेही सांगते, पण आधी त्या हशाचं बघू. तो तुझ्या फार जिव्हारी लागलेला दिसतो.

तुझ्या वर्गातल्यांची समजूत अशी की ॲक्सेंटचा अभ्यास म्हणजे शुद्ध उच्चार शिकणं, आणि तो करणारी मुलगी स्वतः बीबीसीच्या निवेदिकेसारखी बोलली पाहिजे. ते काम स्पोकन इंग्लिशच्या क्लासचं. तुला शोधायचंय ते वेगळंच आहे. माणसं प्रत्यक्षात कशी बोलतात, एकाच शहरातला वकील आणि हमाल वेगळं का बोलतात, आजीच्या तोंडचा उच्चार नातीच्या तोंडून कसा निसटतो. याला कान लागतो, चिकाटी लागते आणि समोरच्या माणसाबद्दल आदर लागतो. तुझा स्वतःचा उच्चार कुठला, यावाचून काही अडत नाही.

इंग्लंडच्या बोलींची सगळ्यात मोठी पाहणी लीड्स विद्यापीठातून झाली. १९५० ते १९६१ या काळात तिथली माणसं ३१३ ठिकाणी हिंडली. बहुतेक खेडीच. शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांजवळ बसायचं, गोठ्यातल्या, रानातल्या, चुलीपुढच्या गोष्टींची नावं त्यांच्या तोंडून काढून घ्यायची आणि उच्चार जसाच्या तसा उतरवायचा, असं ते काम. प्रश्नावलीत १३०० च्या वर प्रश्न होते. ती तयार केली हॅरॉल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट या दोघांनी. यातले डीट झुरिकचे प्राध्यापक, स्विस माणूस. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातलं इंग्रजी कसं टिपायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांतल्या एकाची इंग्रजी ही मातृभाषाच नव्हती. (या पाहणीत एक मोठी उणीव राहिली, तीही लक्षात ठेव. म्हातारे, खेडूत आणि जास्तकरून पुरुष. शहरं, बायका, तरुण पोरं जवळजवळ नाहीतच. ती कसर पुढच्यांनी भरून काढली.)

आजचं नाव हवं असेल तर भाषाशास्त्रज्ञ देवयानी शर्मा यांचं काम वाच. पश्चिम लंडनच्या साउथॉलमध्ये पंजाबी कुटुंबं दोन-तीन पिढ्या राहताहेत. तिथं जन्मलेल्या, आता वयानं मोठ्या झालेल्या पुरुषांचं बोलणं त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी टिपलं. ओळखीच्या पंजाबी माणसाशी एक इंग्रजी, गोऱ्या मेकॅनिकशी दुसरंच. हे लोक शाळेत होते तेव्हा रस्त्यावर वंशद्वेष उघड होता. कुठं कसं बोलायचं यावर अब्रू आणि कधी कधी अंगही वाचायचं. त्यांच्यानंतरच्या तरुणांचं बोलणं इतकं झोके घेत नाही, त्यांचं आपलं एक मिसळलेलं साउथॉली इंग्रजी तयार झालंय. बघ, उच्चारांच्या मोजदादीतून एका वस्तीचा इतिहास हाती लागला. ही ताकद आहे या विषयात.

आता मला तुला जे मुख्य सांगायचंय ते. उच्चाराला स्वतःची अशी किंमत नसते. ती माणसं लावतात, आणि पुढे ती बदलतातही माणसंच. पटवून द्यायला एकटा ‘र’ पुरे आहे.

‘कार’, ‘फोर्थ’, ‘स्टोअर’ हे शब्द घे. इंग्रजीत हा ‘र’ पूर्वी सगळीकडे स्पष्ट म्हटला जायचा. अठराव्या शतकात लंडन आणि आसपासच्या मुलखात तो गळू लागला. ‘कार’चं ‘काऽ’ झालं, ‘फोर्थ’चं ‘फोऽथ’. लंडन राजधानी, तिथली उच्चभ्रू माणसं तशी बोलू लागली, मग बोर्डिंग शाळांनी ते उचललं, आणि १९१७ साली डॅनियल जोन्स यांनी उच्चारांचा कोश काढला तेव्हा जो उच्चार छापला त्यात हा ‘र’ नव्हता. स्कॉटलंडनं, आयर्लंडनं आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या ब्रिस्टल-डेव्हनच्या बाजूनं मात्र तो सोडला नाही. परिणाम असा की इंग्लंडात ‘र’ म्हणणारा माणूस म्हणजे खेडवळ, हे समीकरण पक्कं झालं. नाटकासिनेमात शेतकरी दाखवायचा तर त्याच्या तोंडी घोळवून घोळवून ‘र’ घालतात.

आता न्यूयॉर्कला चल. विल्यम लबॉव या तरुण संशोधकानं नोव्हेंबर १९६२ मध्ये तिथल्या तीन मोठ्या दुकानांत एक साधा प्रयोग केला. सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू हे श्रीमंतांचं दुकान, मेसीज मध्यमवर्गीयांचं, एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर कुठला माल आहे ते तो आधी बघून ठेवायचा. मग खालच्या विक्रेत्याला गिऱ्हाईक होऊन विचारायचा, बायकांच्या चपला-बूट कुठं मिळतील? उत्तर यायचं, ‘फोर्थ फ्लोअर’. हा जरा पुढे वाकून, ऐकू न आल्यासारखं, ‘एक्स्क्यूज मी?’ विक्रेता पुन्हा सावकाश, नीट तोंड उघडून सांगायचा, ‘फोर्थ फ्लोअर’. लबॉव दोन पावलं बाजूला जाऊन वहीत टिपायचा: पहिल्या उत्तरात ‘र’ किती, दुसऱ्यात किती, माणूस कोण, अंदाजे वय काय. २६४ माणसांची उत्तरं अशी गोळा झाली. ‘र’ थोडाफार तरी उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये २०. सॅक्समध्येसुद्धा गर्दीचा तळमजला आणि वरचे शांत, महागडे मजले यांत फरक पडला. वर ‘र’ जास्त. आणि मेसीजच्या विक्रेत्यांनी दुसऱ्यांदा जपून उत्तर देताना ‘र’ चांगलाच वाढवला, म्हणजे आपलं ‘चांगलं’ बोलणं कोणतं हे त्यांच्या मनात ठरलेलं होतं.

हे विक्रेते काही श्रीमंत नव्हते. गिऱ्हाइकाच्या पायरीचा उच्चार त्यांच्या जिभेवर चढला होता. आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या महायुद्धापर्यंत ‘र’ गाळणं हेच प्रतिष्ठेचं होतं. एका पिढीत पारडं फिरलं.

तिसरं ठिकाण तुला कॉमेंट्रीमुळे जवळचं वाटेल. लँकेशायरच्या पूर्व भागात, ब्लॅकबर्न-ॲक्रिंग्टनच्या पट्ट्यात, जुना ‘र’ एखाद्या बेटासारखा टिकून राहिला. आजूबाजूच्या सगळ्या मुलखातून तो केव्हाच गेला. कॉमेंटेटर डेव्हिड लॉईड त्याच ॲक्रिंग्टनचा. त्याची जुनी कॉमेंट्री लावशील तेव्हा ‘फोर’, ‘ओव्हर’, ‘थर्ड मॅन’ कान देऊन ऐक आणि दर वेळी ‘र’ आला की नाही याची खूण कर. मायकेल आथर्टनही मूळचा त्याच बाजूचा, मँचेस्टरजवळचा, पण केंब्रिजला शिकलेला. दोघांचं शेजारी शेजारी ठेवून ऐकलंस की प्रांत कुठं संपतो आणि शिक्षण कुठं सुरू होतं हा प्रश्न तुला आपोआप पडेल. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे ब्लॅकबर्नच्या लोकांचा हा ‘र’ यंत्रावर मोजला. तरुणांमध्ये तो आहे, पण इतका क्षीण की कानाला जेमतेम लागतो.

मग तुझा ‘र’? मराठी माणूस ‘कार’ म्हणताना ‘र’ म्हणतो कारण स्पेलिंगमध्ये तो दिसतो आणि आपल्या जिभेला तो जड नाही. स्पोकन इंग्लिशच्या एका क्लासमध्ये तो गाळायला शिकवतात, दुसऱ्या क्लासमध्ये अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी जीभ मागे वळवून म्हणायला शिकवतात. कोणता ‘र’ बरोबर, याचं उत्तर तू कुठल्या शहरात, कुठल्या साली आणि कुणासमोर उभी आहेस यावर अवलंबून आहे. वर्गात हसलेल्या मुलाचा राग धरू नकोस, पण त्याला हे तीन ‘र’ सांग. तो हसला ते त्याच्या मनात उच्चारांची एक उतरंड ठरलेली आहे म्हणून, आणि ती उतरंड कुणी रचली, कशी टिकते, हाच तर तुझा विषय आहे.

बॉयकॉटच्या ‘रुबिश’चंही सांगून टाकते. ‘पुट’ आणि ‘कप’ या दोन शब्दांतले स्वर पूर्वी एकच होते. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेत ते फुटले, ‘कप’, ‘रबिश’, ‘मदर’ यांचा स्वर ‘अ’च्या जवळ सरकला. उत्तरेत फुटलेच नाहीत. बॉयकॉट यॉर्कशायरच्या खाणीच्या वस्तीतला, त्याच्या तोंडी जुना स्वर आहे, बिघडलेला नाही. १९४१ मध्ये बीबीसीनं याच यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं तेव्हा कितीतरी श्रोत्यांनी नाकं मुरडली. बातमी तीच, फक्त आवाज कामगारवर्गाच्या मुलखातला.

आता कानाकडे येऊ. तुझ्या मराठी कानाला इथं एक मोठा फायदा आहे आणि एक मोठी अडचण.

फायदा असा की ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांतला फरक तू आईच्या मांडीवर शिकलीस. डब्लिनमधली बरीच माणसं ‘थिन’ म्हणताना दाताला जीभ लावून ‘तिन’सारखं काहीतरी म्हणतात आणि पत्र्याच्या डब्याचा ‘टिन’ दातांच्या मागे, हिरडीवर. इंग्लंडच्या माणसाला हे दोन्ही सारखेच वाटतात आणि आयरिश लोकांना हा फरकच करता येत नाही असं तो बिनदिक्कत म्हणतो. तुला तो पहिल्या झटक्यात ऐकू येईल. श्वासाचा झोत सोडून म्हटलेला ‘प’ आणि नुसता ‘प’ हेही तुला वेगळे ऐकू येतात, कारण मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ हे वेगळे शब्द आहेत.

अडचण स्वरांची. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावर जीव टाकतो, पण बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ यांच्या लांबीवर अर्थ अडत नाही. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘पुल’ आणि ‘पूल’ या इंग्रजी जोड्यांत मराठी कान घसरतो. ‘व’च्या बाबतीतही इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत. ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ डोळे मिटून ऐकून ओळखता येईपर्यंत सराव कर. रोज थोडा वेळ, एकाच जोडीवर, दोन-तीन आठवडे. कान तयार होतो. त्यासाठी जिभेनं तसं बोलायलाच हवं असं नाही.

सुरुवात कशी करायची? पहिल्यांदा जॉन वेल्स यांची युक्ती शिकून घे. ॲक्सेंटवरचं त्यांचं तीन खंडांचं काम १९८२ मध्ये आलं आणि आजही त्यावाचून कुणाचं पान हलत नाही. इंग्रजीतल्या शब्दांचे त्यांनी स्वरांनुसार २४ गट पाडले आणि प्रत्येक गटाला एका शब्दाचं नाव दिलं: किट, ड्रेस, ट्रॅप, स्ट्रट, फुट, बाथ असे. ‘बाथ’ गटात ग्रास, लाफ, डान्स वगैरे येतात. लंडनकर या गटाला लांब ‘आ’ लावतो, यॉर्कशायरकर आखूड ‘ॲ’. एक शब्द ऐकलास की अख्ख्या गटाचा अंदाज बांधता येतो, आणि ‘हा कसा बोलतो’ या ढोबळ प्रश्नाचे २४ बारीक प्रश्न होतात. तुझ्या वहीची पानं उद्यापासून याच गटांप्रमाणे आख. खरं तर मराठीतही या गटाची खूण उमटलेली आहे. आपण ‘क्लास’, ‘ग्लास’, ‘डान्स’, ‘पास’ असं लांब ‘आ’नं म्हणतो. दक्षिण इंग्लंडच्या वळणाचा हा स्वर शाळा-कचेऱ्यांतून आपल्याकडे रुजला.

इंग्लंडला न जाता काम होतं का, तर होतं. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलं. मॅक्वारी विद्यापीठातल्या जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी एलिझाबेथ राणीची ख्रिसमसची भाषणं घेतली, १९५० च्या दशकातली आणि १९८० च्या दशकातली, आणि तिचे स्वर मोजले. तिचा उच्चार तीस वर्षांत दक्षिण इंग्लंडच्या सामान्य, तरुण माणसांच्या दिशेनं सरकला होता. राणीला कुणाची नक्कल करायची गरज नव्हती, तरी. हा निष्कर्ष २००० साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात छापून आला. त्यांना राणीला भेटावं लागलं नाही. जाहीर भाषणं पुरली. तुझ्याकडे जाहीर कॉमेंट्री आहे, एकेका माणसाची वीस-वीस वर्षांची.

शिवाय अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचा ‘स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह’ फुकट ऐकता येतो. जगभरच्या माणसांनी वाचलेला ६९ शब्दांचा एकच उतारा तिथं आहे, प्रत्येकाचं जन्मगाव, वय, मातृभाषा यांसह. मराठी भाषकही आहेत. उतारा सगळ्यांना एकच असल्यामुळे ग्लासगो, बोस्टन आणि महाराष्ट्र यांचा ‘स्टोअर’ तू एकापाठोपाठ एक ऐकू शकतेस. उच्चार मोजायला ‘प्रात’ नावाचं सॉफ्टवेअर घे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. तेही फुकट, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आवाजाची लाट पडद्यावर दिसते, स्वराची जागा आकड्यांत मिळते. पहिले आठ दिवस डोकं चक्रावेल. नेट धर.

स्वतः रेकॉर्डिंग करशील तेव्हा पंखा बंद ठेव, खिडक्या लाव, कुकरच्या शिट्टीची वेळ टाळ. मोबाइल चालेल, पण फाइल ‘वेव्ह’ (.wav) या न दाबलेल्या प्रकारातच साठव, व्हॉट्सॲपवरून आलेली व्हॉइस नोट दाबून लहान केलेली असते, तिच्यातले बारीक तपशील गेलेले असतात, मोजणीला ती कामाची नाही. आणि कुणाचंही बोलणं चोरून टिपू नकोस. लबॉवनं दुकानात विचारलं ते १९६२ साली, हातात रेकॉर्डर नसताना आणि कुणाचं नाव न घेता. तू लेखी परवानगी घे, नाव बदल, आणि समोरच्याला ‘तुमच्या चुका शोधायला आलेय’ असं क्षणभरही वाटू देऊ नकोस. तुला वर्गात जे वाटलं ते तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला वाटता कामा नये.

काकांचा प्रश्न मी टाळणार नाही. या विषयाच्या नोकऱ्या मुबलक नाहीत. पण आहेत. यूजीसी-नेटला भाषाशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तेव्हा शिकवण्याची वाट मोकळी आहे. आवाज ओळखणाऱ्या यंत्रांच्या कंपन्यांना ॲक्सेंट कळणारी माणसं लागतात, आणि ती का लागतात हे २०२० मधल्या एका अमेरिकी अभ्यासात नीट दिसलं. पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाल्यांना गोऱ्या अमेरिकनांचं बोलणं उतरवताना शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांचं उतरवताना ३५. आपल्याकडे ‘ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्या यंत्राला गावाकडच्या माणसाचं इंग्रजी ‘थ्री’ समजलं पाहिजे, हे काम कुणीतरी करायलाच हवं. कॉल सेंटरांच्या प्रशिक्षणातही जागा असतात, पण तिथं बहुतेक ठिकाणी माणसाचा उच्चार पुसायला सांगतात. ते पटत असेल तरच जा.

आणि न्यायालयाच्या कामाची एक शाखा आहे, ब्रिटनमध्ये चांगली रुजलेली, यॉर्क विद्यापीठात तिचा अभ्यासक्रमही आहे. तिची एक गोष्ट काकांना जरूर सांग. १९७० च्या दशकात यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून पाडणारा एक माणूस मोकाट होता. जून १९७९ मध्ये पोलिसांकडे एक कॅसेट आली, ‘मीच तो’ म्हणणारी. ती लीड्सच्या स्टॅन्ली एलिस यांना ऐकवली. बोलींच्या त्या मोठ्या पाहणीत हे एलिस गावोगाव हिंडलेले होते. हा आवाज संडरलंड शहराच्या कासलटाउन भागातला आहे, इतक्या नेमकेपणानं त्यांनी सांगितलं. पोलिसांनी मग तो ॲक्सेंट नसलेल्या संशयितांना वगळायला सुरुवात केली. कॅसेट पाठवणारा खुनी नसून खोडसाळ माणूसही असू शकेल, असं एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं बजावलं होतं; ते मागे पडलं. खरा खुनी, पीटर सटक्लिफ, यॉर्कशायरचाच होता. पोलीस त्याच्याशी अनेकदा बोललेही होते. जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला, तोवर कॅसेटनंतर आणखी तीन बायकांचा जीव गेला होता. कॅसेटवाला २००५ मध्ये पाकिटावरच्या थुंकीच्या डीएनएवरून पकडला गेला. राहणारा संडरलंडचाच, कासलटाउनपासून जवळच. एलिस यांच्या कानानं गाव अचूक सांगितलं होतं. आवाजावरून माणूस कुठला ते कळतं, त्यानं काय केलं ते कळत नाही. ही मर्यादा ज्याला माहीत आहे असाच माणूस त्या टेबलाशी बसलेला हवा.

आता सोमवार. ‘इंग्रजीचे प्रांतीय आणि सामाजिक ॲक्सेंट’ हा प्रबंधाचा विषय होत नाही, तो आयुष्याचा विषय आहे. सर नाही म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. एक उच्चार, एक ठिकाण, दोन गट, एवढंच घे.

माझी सूचना अशी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर यांनी १९५७ मध्ये ‘वर्ड’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’वर एक निबंध लिहिला. मराठी माणसाचं इंग्रजी कानाला जसं लागतं त्यामागची व्यवस्था त्यांनी उलगडून दाखवली, चेष्टेचा विषय न करता, शास्त्राचा विषय करून. तो आधी मिळव. सरांच्या मदतीनं विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळेल. मग तुझ्या जिल्ह्यातली तीसेक माणसं घे, पंधरा मराठी माध्यमात शिकलेली, पंधरा इंग्रजी माध्यमात. निम्म्या बायका, निम्मे पुरुष, वयात फार अंतर नको. प्रत्येकाकडून तो ६९ शब्दांचा उतारा वाचून घे आणि नंतर पाच-दहा मिनिटं त्यांच्या कामाबद्दल इंग्रजीत गप्पा मार. एकच गोष्ट मोज: स्वरानंतरचा ‘र’ कुणाच्या तोंडी राहतो, कुणाच्या गळतो, कुणाच्या तोंडी अमेरिकन वळणाचा होतो, आणि वाचताना व गप्पा मारताना त्यात फरक पडतो का. लबॉवच्या दुकानातल्यासारखं चित्र तुझ्याकडे उमटतं की अगदी निराळं, हे आत्ता मलाही सांगता येणार नाही, म्हणूनच ते शोधण्याजोगं आहे. बॉयकॉट आणि लॉईड पीएचडीसाठी राखून ठेव.

सरांना शीर्षक असं दे: ‘सांगली जिल्ह्यातील मराठी भाषकांच्या इंग्रजीतील स्वरोत्तर र: शालेय माध्यम आणि बोलण्याचा प्रसंग’. सोबत एका पानावर केळकरांचा निबंध, लबॉवची पद्धत आणि तुझी तीस माणसांची योजना लिही. साहित्याचे प्राध्यापक असले तरी इतकं रेखीव काम समोर आलं की ते सहसा नाही म्हणत नाहीत. हवं तर जवळच्या विद्यापीठातल्या भाषाशास्त्राच्या एखाद्या अध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून विचारू या, असं सुचव. आणि पहिलं रेकॉर्डिंग पप्पांचं कर. ते नाही म्हणणार नाहीत, आणि उतारा वाचायला किती वेळ लागतो, फोन किती अंतरावर धरावा, प्रश्न कुठले विचारले की माणूस खुलतो, हे सगळं तुला घरच्या घरी कळेल.